चौकटीवरचा हळदीचा थापा

शकुबाईचं छातीचं ऑपरेशन झालं तेव्हा कुण्या दीडशहाण्यानं तिला सांगितलं की हात उचलला तर टाके उसवतात. झालं! बाईनं हात छातीशी जो धरला तो आखडूनच गेला. पोरीच्या लग्नात चौकटीच्या माथ्यावर आईनं हळदीचा थापा उमटवायचा, ही त्या घरची रीत. तो शेजारणीनं उमटवला, आणि शकुबाई मरेपर्यंत त्यावरून रडली.

पुढं तेच दुखणं तिच्या सुनेला, अन्नपूर्णेला आलं. जखम भरली, पण हात खांद्याच्या वर जाईना. लेक मोहिनीचं लग्न तोंडावर आलेलं. आपल्या लेकीचा थापाही परक्या हातानं उमटणार, या धास्तीनं तिला घास गोड लागेना.

बोरगाव मेघेतल्या त्या घरी फिजिओथेरपीवाली रोशनी रोज सकाळी येई. अन्नपूर्णेला कुशीवर निजवून एक पंजा खांद्यामागच्या फऱ्यावर टेकवी, दुसऱ्यानं कोपर धरून हात हळूहळू वर नेई.

"टाके उसवले त मंग?"

"टाके कवाचेच भरले, काकू. काऊन भेता? हात मले द्या, तुम्ही उचलू नका."

मग भिंतीवर बोटं चढवायची आणि पोचतील तिथं हळदीची खूण करायची. अन्नपूर्णा करी. पण दुसऱ्या सकाळी पाहावं तर तिच्या खुणेखाली आणखी एक, ओली खूण. चार बोटं पुरती, करंगळी अर्धी.

शकुबाईची करंगळी कडबा कापताना अर्धी तुटली होती. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. हिची तर मेल्यावरही गेली नव्हती! ती कुणाशी बोलली नाही. लोक म्हणाले असते, दुखणं डोक्यात गेलं. तिची खूण वर सरकली की खालचीही सरके.

लग्नाच्या दिवशी पंजा हळदीत बुडवून ती चौकटीपाशी उभी राहिली. हात कपाळापर्यंत गेला आणि अडकला. बाया पाहत होत्या. तिला रडू फुटणार, तोच मागून एक पंजा फऱ्यावर टेकला, दुसऱ्यानं कोपर उचललं. हात गार होते.

"हात मले दे."

तिनं दिला. थापा उमटला.

"झालं व रोशनी, सोड आता," ती हसत म्हणाली.

"काकू, मी त इकडे आहो," मोहिनीजवळ उभी असलेली रोशनी समोरून म्हणाली.

कोपर सुटलं नाही. अन्नपूर्णेचाच हात पुन्हा हळदीत बुडाला, वर गेला, आणि पहिल्या थाप्याशेजारी दुसरा उमटला. करंगळी अर्धी.

मग कोपर सुटलं. अन्नपूर्णेनं आपला पंजा पाहिला. पाचही बोटं पुरती होती आणि शेंड्यापर्यंत पिवळी.