पडद्यामागची मिरवणूक

अविनाशदादा, म्हणजे माझा मामेभाऊ, दिल्लीत शिकतो आणि बाकीच्या जगाला अडाणी समजतो. यंदा आमच्या गोत्री भागातल्या सोसायटीत गणपतीच्या आरतीला प्रमुख पाहुणा तोच! त्याने आम्हा मुलांचा देखावा पाहिला : पुठ्ठ्याचा लहरीपुरा दरवाजा, म्हणजे आमच्या या गुजराती शहराची जुनी वेस, आणि त्यातून तिरंगा घेऊन निघालेली मातीच्या माणसांची स्वातंत्र्यलढ्यातली मिरवणूक. महिनाभर खपून केलेली.

"देश ही बनवलेली गोष्ट आहे, निरू," तो म्हणाला. "ही माणसं कधी एक नव्हतीच. जात, भाषा, भांडणं... पोरांच्या डोक्यात खोटा इतिहास कशाला भरता?"

बनवलेली म्हणे! मग काय झाडाला लागणार होती? भांडणं होती हे मलाही माहितीये, आमच्या पुस्तकातही आहे. भांडत भांडत का होईना, एकत्र चालले, म्हणून तर मिरवणूक करायची ना!

पण सोसायटीचे अध्यक्ष हिंमतरावकाका कोणी चार इंग्रजी शब्द फेकले की गारच पडतात. "शिकलेला पाहुणा आहे, गं. आजच्यापुरता पडदा टाकू." टाकला. पडदा कसला, जुनी चादर! मी रडले नाही. रडायला हा दीडशहाणा कोण लागून गेलाय?

आरती सुरू झाली. तबक पाहुण्याच्या हातात. पहिलं कडवं दादाने झोकात म्हटलं. दुसऱ्याला नुसते ओठ हलले. तिसऱ्याला तेही बंद. आणि आरती? ती थांबतेय कशाला! शेजारच्या नलिनीबेन, रिफायनरीतले केरळचे नायरअंकल, बिहारचे मिश्राजी, सगळे बेंबीच्या देठापासून मराठीत गात होते. जबरदस्ती कोणी केली होती यांना? वर्षानुवर्षं शेजारी राहून पाठ झालेली. नवरात्रात आम्ही मराठी माणसं नाही का घसा बसेपर्यंत गरबे गात?

"भूली गयो, बेटा?" नलिनीबेननी दादाला विचारलं आणि त्याचा हात धरून तबक ओवाळायला लावलं. दादाचे कान लाल!

हिंमतरावकाका एकदा दादाकडे बघत होते, एकदा गाणाऱ्यांकडे. आरती संपताच ते पुढे झाले आणि त्यांनी स्वतःच ती चादर ओढून काढली. चांगल्या टाळ्या पडल्या.

मी दादापुढे मोदक धरला. "घे. पण जपून हं, हासुद्धा बनवलेलाच आहे."

त्याने खाल्ला. वर आणखी एक मागितला!