कुठला महिना नको

शाळा सोडून तीन वर्षं झाली तरी त्यांना सगळे तासमास्तरच म्हणत. खरं तर ते गणित शिकवायचे, पण ते कुणाच्या लक्षात नाही. लक्षात राहिलं ते वेळापत्रक. बेचाळीस शिक्षक, सव्वीस वर्ग, एक प्रयोगशाळा आणि एकच मैदान. एवढं सगळं लटांबर तासमास्तर दरवर्षी शाळा उघडायच्या आधी एका पुठ्ठ्यावर रंगीत चिठ्ठ्या टाचून बसवायचे. एकदा बसवलं की त्यातली टाचणी हलवायची मुख्याध्यापकांचीही टाप नव्हती. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि खोटं कशाला बोला, थोडा माजही होता.

त्यांची एक पद्धत होती. पुठ्ठ्याला हात लावण्याआधी ते वही घेऊन प्रत्येक शिक्षकाकडे जायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "कुठला तास नको?" हवा कुठला, ते विचारायचंच नाही. हवं विचारलं की माणूस संकोचतो, नाहीतर सोकावतो. नको मात्र प्रत्येकाचं पक्कं असतं. कुणाला पहिला तास नको, कारण घरी अंथरुणाला खिळलेले वडील. कुणाला जेवणानंतरचा नको, कारण डोळे मिटतात. आधी सगळ्यांचे नको मांडायचे आणि उरलेल्या जागेत बाकीचं बसवायचं. अशी एकतीस वेळापत्रकं त्यांनी केली.

त्यांची बायको नर्स. अठ्ठावीस वर्षं रात्रपाळी. गल्ली तिला सिस्टर म्हणायची, आणि चारचौघांत तासमास्तरही तिला सिस्टरच म्हणत. नवख्या माणसाच्या कपाळाला आठ्या पडल्या की त्यांना गंमत वाटायची. सिस्टर म्हणायच्या, "अहो, वयाचं तरी भान ठेवा."

पण या दोघांचं वेळापत्रक काही जमलं नव्हतं. हे पावणेसातला घराबाहेर पडायचे, त्याच सुमारास ती पाळी संपवून जिना चढायची. मधल्या पायरीवर गाठ पडायची. "डबा ओट्यावर आहे." "दूध तापवून ठेवलंय." संसार म्हणजे बराचसा त्या पायरीवरच झाला. दिवसा तिला झोप मिळावी म्हणून झोपायच्या खोलीला दुहेरी काळा पडदा लावला होता, तो अजून तसाच होता.

मागच्या वर्षी सिस्टरही निवृत्त झाल्या. तेव्हा तासमास्तर म्हणाले होते, "आता लांब कुठेतरी जाऊ. तू म्हणशील तिथे." त्या शेंगा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "थंड समुद्रावर. मोठ्या बोटीतून." जणू उत्तर कधीचं तयार होतं. वॉर्डातल्या जुन्या मासिकातून कापलेलं एक चित्र त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं होतं: बर्फाचे डोंगर, पांढरी बोट, पाण्याला टेकू पाहणारा सूर्य. संध्याकाळचं असावं, असं तासमास्तरांना वाटायचं.

मग काय, पुठ्ठा निघाला. उत्तरेकडच्या त्या क्रूझ वसंतापासून शरदापर्यंत चालतात. महिना कुठला घ्यायचा, हाच काय तो प्रश्न. पण या वेळी चूक होऊन चालणार नव्हती. उभ्या आयुष्यात बायकोच्या वाट्याला आपण फक्त उरलेले तास दिले, हे त्यांना आतून टोचत होतं. ही एक गोष्ट तरी तिच्या मनासारखी, बिनचूक व्हायला हवी होती.

त्यांनी विचारलंही. "तुला कुठला महिना हवा?" सिस्टर म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं. तुम्हीच ठरवा."

झालं. महिनाभर जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचं राज्य होतं. ताटं मांडीवर आली. मे महिना: धबधबे भरपूर, पण बर्फामुळे काही वाटा बंद. जून आणि जुलै: समुद्र शांत, हवा बरी, पण सूर्य चोवीस तास डोक्यावर आणि झोपेचे हाल. ऑगस्ट: गर्दी. सप्टेंबर: बोचरी थंडी, थोड्या लाटा, पण रात्री आकाशात हिरव्या उजेडाचे पट्टे, म्हणजे नॉर्दर्न लाइट्स, जे बघायला लोक जिवाचा आटापिटा करतात. प्रत्येकाला दहापैकी गुण. शेवटची चिठ्ठी होती जागरणाची. ते लाइट्स रात्री कधीही उगवतात, एकला नाहीतर तीनला. दुसऱ्या कुणाला ते जड गेलं असतं. पण सिस्टरना? अठ्ठावीस वर्षांची सवय. तासमास्तरांनी सप्टेंबरला दहापैकी दहा दिले आणि स्वतःवरच खूश झाले.

मुलीचा फोन आला. "बाबा, आईला विचारलंत ना?"

"विचारलं की. म्हणाली, तुम्ही ठरवा."

"आई नेहमी तेच म्हणते."

"म्हणून तर मी ठरवतोय," तासमास्तर म्हणाले. मुलीने फोन ठेवला. बापापुढे कोण डोकं फोडणार.

शुक्रवारी त्यांनी निकाल जाहीर केला. सिस्टर कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "सप्टेंबर का? बरं," एवढंच म्हणाल्या, आणि घातलेली घडी मोडून पुन्हा घातली. तासमास्तरांनी ते पाहिलं, पण पुठ्ठ्यावर त्याची चिठ्ठी नव्हती.

शनिवारी अकराला दोघं बुकिंगच्या ऑफिसात गेले. काचेचं टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर बोटींची चित्रं. तिथली मुलगी हसतमुख होती. तासमास्तरांनी पुठ्ठा टेबलावर ठेवला तेव्हा तिने आधी त्याच्याकडे आणि मग सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी 'चालायचंच' अशा अर्थाने मान हलवली.

"छान निवडलाय महिना," मुलगी म्हणाली. "आणि लाइट्स चुकतील ही काळजी नको. बोटीवर रात्रभर माणूस पहाऱ्याला असतो. लाइट्स दिसले की तुमच्या केबिनमध्ये बेल वाजते. बेल झाली की कोट चढवायचा आणि पळत डेकवर यायचं."

"बेल?" सिस्टरनी विचारलं.

"हो, उशाशीच असते. कितीही गाढ झोप असली तरी जाग येते."

सिस्टरनी पर्सची चेन लावली. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "मग मी नाही येत. तुम्ही आणि लेक जाऊन या."

तासमास्तरांना वाटलं, थट्टा करतेय. पण सिस्टर कधी थट्टेत पर्स बंद करत नसत.

"अगं, पण तुला तर जागरणाची सवय—"

"सवय आहे, म्हणून आवडतं असं कुणी सांगितलं तुम्हाला?" आवाज चढलेला नव्हता. "अठ्ठावीस वर्षं बेल वाजली की उठले. कोण तळमळतंय, कोण चाललंय, ते बघायला. तीन वाजले की खिडकीकडे बघत बसायची. उजाडेपर्यंत टिकला की पेशंट वाचला, असं आम्ही वॉर्डात धरून चालायचो. बरेच नाही टिकले. अजून मला तीनला जाग येते. तुम्ही घोरत असता, आणि त्या काळ्या पडद्यामुळे उजाडलं की नाही तेही कळत नाही."

बुकिंगवाली मुलगी कीबोर्डवर बोटं ठेवून तशीच बसली होती.

"मग बोलली का नाहीस?" तासमास्तरांनी विचारलं.

"तुम्ही विचारलंत, कुठला हवा. हवं असं काही मला पटकन सुचत नाही हो. आणि तुम्ही एवढ्या हौसेने चिठ्ठ्या कापत होतात."

तासमास्तरांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं. एकतीस वर्षं बेचाळीस माणसांच्या दारात वही घेऊन गेलो, आणि घरच्या माणसाच्या वेळी वहीच उघडली नाही. लाजेने त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी खिशातलं पेन काढलं.

"सिस्टर," ते म्हणाले, "कुठला महिना नको?"

सिस्टरनी एक क्षणही घेतला नाही. "ज्यात रात्र आहे तो."

मग त्यांनी पर्स पुन्हा उघडली आणि कपाटातलं ते चित्र काढून टेबलावर ठेवलं. शनिवारी ऑफिसात जायचं म्हणून दारावरून सोडवून आणलं होतं, कडेला जुना गोंद चिकटलेला. तासमास्तरांनी चष्मा वर केला. खाली बारीक अक्षरांत छापलं होतं: जून, रात्रीचे साडेबारा.

"जूनच्या मधल्या आठवड्यात दोन केबिन शिल्लक आहेत," मुलगी हळूच म्हणाली. "उजेडाने झोप येत नाही अशी लोकांची तक्रार असते, पण सगळ्या केबिनना जाड काळे पडदे आहेत."

"ते पडदे काढून ठेवता येतात का?" तासमास्तरांनी विचारलं.

"बाजूला सारता येतात."

"सारून नाही. काढून."

मुलीने तसं लिहून घेतलं. तिला असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर जेवणं झाली आणि तासमास्तर स्टुलावर चढले. "अहो, उतरा, पडाल," सिस्टर म्हणाल्या. "बडबडू नकोस, स्टूल धर," ते म्हणाले. पडद्याची धूळ दोघांच्याही डोक्यावर पडली. खोलीत ऊन आलं आणि पलंगाच्या अर्ध्या भागावर पसरलं. सिस्टर म्हणाल्या, जरा पाठ टेकते. दहा मिनिटांत त्यांना त्या उन्हातच झोप लागली.

तासमास्तर पाऊल न वाजवता बाहेर आले. पुठ्ठ्यावरची जागरणाची चिठ्ठी त्यांनी काढली, तिच्या पाठीमागे मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि दाराच्या चौकटीवर, बेलचं बटण झाकेल अशी, ती टाचणीने नीट बसवली: बेल वाजवू नये, दार लोटलेलं आहे. मग ते आतल्या बाजूला खुर्ची टाकून बसले. सिस्टर सहा वाजेपर्यंत झोपल्या, आणि उठल्या तेव्हाही बाहेर उजेड होता.