डावा कान

चाळिशी उलटली, कानामागचे केस पिकले, तरी घरात ती धाकटीच राहिली. थोरली लग्न होऊन लांब गेली, आई जाऊन सहा वर्षं झाली, आणि त्या तीन खोल्यांत धाकटी आणि तिचे बाबा एवढेच उरले.

धाकटी एका मोठ्या रुग्णालयात कान तपासायचं काम करायची. पेशंटला बंद खोलीत बसवायचं, डोक्यावर हेडफोन चढवायचा, बारीक बारीक होत जाणारे आवाज सोडायचे आणि कुठवर ऐकू येतं ते कागदावर मांडायचं. सोळा वर्षं हेच. ह्या सोळा वर्षांत यंत्रमागांच्या कारखान्यातल्या कितीतरी बायका तिच्याकडे आल्या, आणि सगळ्या उशिरा आल्या. लेकीसुना म्हणायच्या, "आमच्या बाईंना हाका मारून मारून घसा सुकतो." तोवर हातात काही उरलेलं नसायचं. शेवटी धाकटीच्या मनाने घेतलं की ह्या बायकांचे कान जायच्या आधी त्यांना गाठायचं. नोकरी सांभाळून तिने पुढच्या पदवीसाठी विद्यापीठात नाव घातलं आणि हाच विषय घेतला.

दोन वर्षं ती आठवड्यातून दोनदा पहाटेच उठून कारखान्यात गेली. रात्रभर शांततेत राहिलेला कानच खरं सांगतो, म्हणून कामाची पाळी सुरू व्हायच्या आत तपासणी उरकायला लागायची. विद्यापीठातल्या विभागाचं कान तपासायचं, नेण्याआणण्याजोगं मशीन ती स्कूटरच्या पुढ्यात ठेवून न्यायची. सुताच्या कोनांच्या गोदामात बसायची, कारण सूत आवाज पिऊन टाकतं. बायका एकेक करून यायच्या. त्यांची मुकादमीण आडव्या बांध्याची आणि मोठ्या आवाजाची होती. ती सगळ्यांना दटावून रांगेत उभी करायची. "कानवाल्या बाई आल्यात, चला. लाजताय काय, कानच दाखवायचाय."

सत्त्याऐंशी बायका झाल्या. आकडे मांडल्यावर एक गोष्ट धाकटीच्या नजरेत भरली. जवळजवळ प्रत्येकीचा डावा कान उजव्यापेक्षा वाईट होता, आणि तोही चांगलाच.

तिचे मार्गदर्शक सर एरवी कागदावरून डोळे न उचलता बोलायचे. त्या दिवशी त्यांनी चष्मा काढला.

"आवाजाने बहिरेपण येतं हे शेंबडं पोरही सांगेल," ते म्हणाले. "पण डावाच का? हे कुणी म्हटलेलं नाही. हे घेऊन परिषदेत जायचं."

मागाची मोटर बाईच्या डाव्या हाताला असते, हे कारण धाकटीनेच शोधून काढलं. गोषवारा पाठवला आणि तो स्वीकारला गेला. नुसता भिंतीवर लावायला नव्हे, व्यासपीठावरून बारा मिनिटं बोलायला. सर म्हणाले, एका दगडात दोन पक्षी मारू, हाच निबंध वाढवून जर्नललाही पाठवा. प्रबंध दाखल करायला एक परिषद आणि एक छापील निबंध लागायचाच, आणि नोंदणीची मुदत संपायला चार महिने उरले होते. कारखान्याचीही परवानगी देतानाच अट होती की जे सापडेल ते आधी आम्हाला कळवा. तिने व्यवस्थापकांना एक पानी अहवाल दिला: डाव्या कानाला धोका जास्त, त्याला संरक्षण द्यावं.

मग घरात तयारी सुरू झाली. बाबांनी एका छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासली होती. निवृत्त झाल्यावर किराणा दुकानाच्या पिशवीवरच्याही चुका ते काढायचे. लेकीचा निबंध म्हणजे त्यांना पर्वणीच होती. संध्याकाळचा चहा झाला की ते तांबडी पेन्सिल घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसायचे. धाकटी उभी राहून वाचायची, ते घड्याळ धरायचे.

"चौदा मिनिटं. दोन मिनिटं कुणाच्या बापाची?"

"तुम्हीच मध्ये तीनदा थांबवलंत, बाबा."

"तिथे पण थांबवतील. आणि 'लक्षणीय' किती वेळा म्हणशील? एकदा म्हणालीस की लोकांनी लक्ष दिलं."

डेसिबल म्हणजे काय ते बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण तक्ते ते ओळ न ओळ वाचायचे, बोट ठेवून. परिषदेला नऊ दिवस उरले असताना त्यांचं बोट तिसऱ्या तक्त्यावर थांबलं.

"ह्या घडी घालणाऱ्या बायका कोण?"

"त्या मागावर नसतात. पलीकडच्या खोलीत कापडाच्या घड्या करतात. तुलनेला घेतल्यात."

"त्यांच्या डाव्या हाताला मोटर नाही?"

"नाही."

"मग ह्यांचाही डावाच कसा?"

बाबा आपल्याच नादात पुढे म्हणाले, "आमच्याकडे पानापानावर एकच अक्षर मोडकं उमटलं की आम्ही अक्षरं जुळवणाऱ्याला नाही बोलायचो. त्या अक्षराचा शिशाचा खिळा बघायचो."

त्यांनी तो प्रश्न तिसऱ्या तक्त्याच्या समासात लिहिला आणि पान उलटलं. धाकटीला पुढचं पान दिसेचना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विभागात सगळ्यांच्या आधी पोचली. मशीन टेबलावर ठेवलं, हेडफोन स्वतःच्या डोक्यावर चढवला आणि स्वतःचे कान तपासले. डावा वाईट निघाला. मग तिने हेडफोन उलटा घातला, डावी वाटी उजव्या कानावर, उजवी डाव्यावर. आता उजवा वाईट निघाला. तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. डावी वाटीच मुळात क्षीण आवाज सोडत होती. बायकांना ऐकू येत नव्हतं कारण त्यांच्या कानापर्यंत आवाज पुरता पोचतच नव्हता.

वाटी कधीपासून बिघडली होती? दुसऱ्या महिन्यात खड्ड्यातून जाताना मशीनची पेटी एकदा आपटली होती. तेव्हा की त्याआधीच? की हळूहळू, दर आठवड्याला थोडी थोडी? ते कळल्याशिवाय एकही आकडा दुरुस्त करता येणार नव्हता. आणि ज्या मशीनची डावी वाटी खोटं बोलत होती, त्याच्या उजव्या वाटीला तरी कोण जामीन राहणार? तिने कपाटातून मशीनच्या तपासणीचा दाखला काढला. त्याची मुदत तिच्या पहिल्या फेरीच्याही आधी संपली होती. निबंधात मात्र लिहिलेलं होतं, 'सदर यंत्र प्रमाणित केलेले होते.' ते वाक्य तिने विभागातल्या एका जुन्या प्रबंधातून जसंच्या तसं उचललं होतं. सगळे तसंच लिहायचे. सोळा वर्षं हेच काम करणाऱ्या बाईने रोज सकाळी आधी स्वतःच्या कानावर मशीन लावून बघायचं असतं. रुग्णालयात ती न चुकता बघायची. कारखान्यात जाताना घाई असायची.

सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि उठून दार लावलं.

"हे कुणाकुणाला सांगितलंत?"

"कुणालाच नाही."

"मग सांगू नका. बारा मिनिटं बोलायचंय, दोन मिनिटं प्रश्न. वाटी नीट होती का असं कोण विचारणार आहे?"

"मला कळलंय ना, सर."

"तुम्हाला कळलंय, तेवढंच." सर खुर्चीत बसले. त्यांचा आवाज चढला नाही. "दाखला नव्हता ही गोष्ट विभागाची आहे. म्हणजे माझी आहे. हा निबंध मागे घेतलात तर चार महिन्यांत दुसरा कुठून आणाल? मुदत वाढवून द्या म्हणून मी सही करणार नाही, हे आधीच सांगतो. मला तुमचं वाईट करायचं नाहीये. पण हात दाखवून अवलक्षण करू नका."

धाकटी दोन दिवस ते मनात घोळवत राहिली. आपण निदान उजव्या कानावर तरी बोलावं, असंही तिने स्वतःला समजावून पाहिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने परिषदेला पत्र लिहिलं, 'मोजमापातील दोषामुळे निबंध मागे घेत आहे.' मग तेच जर्नलला लिहिलं. जर्नलचं उत्तर तासाभरात आलं, दोन ओळींचं, कळवल्याबद्दल आभार मानणारं.

बाबांना तिने संध्याकाळी सांगितलं. टेबलावर पेन्सिल काढून ठेवलेलीच होती.

"मी तो प्रश्न विचारला नसता तर?" बाबांनी विचारलं.

"तर मी जाऊन वाचून आले असते."

बाबांनी पेन्सिल उचलून खिशाला लावली. मग म्हणाले, "छापायच्या आधी सापडली हे बरं झालं. छापल्यावर काही करता येत नाही." त्या रात्री ते जेवले नाहीत. पित्त झालंय म्हणाले.

रजा मंजूर होती, तिकीट काढलेलं होतं, म्हणून ती परिषदेला गेली. बाबांनीच पाठवलं, बाकीच्यांचं ऐकून तरी ये म्हणाले. मोठं गार सभागृह होतं, खुर्च्यांना निळी कापडं घातलेली. ती मागच्या रांगेत बसली. छापील कार्यक्रमात तिचं नाव आणि विषय तसाच होता, साडेअकराला. साडेअकराला अध्यक्ष उठले, कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "पुढचा निबंध मागे घेतला गेलाय. तेव्हा चहाला थोडं आधीच सुटू या."

सभागृहात जीव आला. खुर्च्या सरकल्या. तिच्या शेजारचे टाय लावलेले गृहस्थ उठता उठता तिच्याकडे बघून हसले.

"देव त्याचं भलं करो," ते म्हणाले. "नाहीतर बसून बसून कंबर गेली असती."

धाकटीही हसली. उठून तिने त्यांना वाट दिली.

कारखान्यात जायचं मात्र ती लांबणीवर टाकत राहिली. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता महिना गेला. मग एका दुपारी ती पाळी बदलायच्या वेळेला पोचली. फाटकातून बायका बाहेर येत होत्या. प्रत्येकीच्या डाव्या कानात नारिंगी बोंडूक होतं, आवाज अडवणारं, रबराचं, लांबूनही दिसेल असं. उजवा कान उघडा.

मुकादमीण तिला बघून लगबगीने पुढे आली. "बघा बाई, तुमच्यामुळे मिळालं. साहेबांनी एक जोडी दोघींत वाटून दिली. म्हणाले, धोका डाव्यालाच आहे तर उजव्याला कशाला."

धाकटी तशीच व्यवस्थापकांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं. शेवटी त्यांनी कोरा कागद तिच्यापुढे सरकवला.

"बरं झालं सांगितलंत. लिहून द्या."

तिने लिहिलं की आधीचा अहवाल ग्राह्य धरू नये. खाली लिहिलं की आवाजाने दोन्ही कानांना इजा होते, तरी दोन्ही कानांना संरक्षण द्यावं. व्यवस्थापकांनी कागद वाचला आणि दुसऱ्या वाक्यावर नख टेकवलं.

"ह्याला तुमच्याकडे आकडा आहे?"

तिच्याकडे आकडा नव्हता.

"मग हे राहू द्या. पहिलं पुरे आहे." त्यांनी दाराशी येऊन मुकादमणीला हाक मारली. बोलण्यात राग नव्हता, उलट सुटल्यासारखं वाटत होतं. "ती बोंडकं जमा करून आणा. अहवाल रद्द झालाय."

धाकटी फाटकाशी थांबली. थोड्या वेळाने मुकादमीण पत्र्याचा डबा घेऊन आली. डबा निम्मा भरला होता.

"मी नवीन मशीन मिळवते," धाकटी म्हणाली. "सगळ्यांना परत तपासते. तोवर बोंडकं मी आणून देते, दोन्ही कानांची."

मुकादमणीने हाताची ओंजळ कानामागे धरली. धाकटीने तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं.

"साहेबांनी दिलं तर घालता येतं," मुकादमीण म्हणाली. "आपलं आपण घातलं तर म्हणतील हिला हाक ऐकू येत नाही, घरी बसवा. आणि परत कोण येणार, बाई? दोन वर्षं पहाटे उठून आल्या सगळ्या."

"चूक माझी होती."

"असेल. पण तुम्ही गप्प राहिला असता तर एक कान तरी झाकला असता."

हे तिने तोडून नाही म्हटलं. बाजारात भाव सांगावा तसं सांगितलं, आणि डबा काखेत मारून आत गेली. दुसरी पाळी सुरू झाली होती. धाकटीने स्कूटरचं बटण दाबलं. भिंतीपलीकडे माग एवढे धडधडत होते की गाडी सुरू झालीय हे तिला मुठीत थरथर आली तेव्हा कळलं.