अंड्याएवढा गोळा

वर्ष सरायला दोन दिवस उरले होते आणि मी घरातलं पिठाचं विरजण मारून बसले होते.

आमच्या शान्शीत, उत्तर चीनमध्ये, नव्या वर्षाचे वाफेचे पाव आधीच करून ठेवतात. पीठ आंबून फुगलं की पुढच्या वेळेसाठी त्यातला मूठभर गोळा बाजूला काढायचा, मग आंबटपणा मारायला बाकीच्यात सोडा मळायचा. वीस वर्षांत हा क्रम मी चुकवला नव्हता. त्या दिवशी सासरे आत ओकायला लागले. मी धावले, आणि परत येऊन सगळ्याच पिठाला सोडा लावला. त्याचं आता विरजण व्हायचं नाही.

पोटाच्या ऑपरेशनपासून सासऱ्यांना पाकिटातल्या यीस्टचा पाव सोसत नव्हता, पोट फुगायचं. विरजणाला दर दोन दिवसांनी नवं पीठ घालताना जे जादा उरतं, त्यात अंडं आणि कांद्याची पात घालून मी धिरडी करायची. तेवढीच त्यांच्या पोटात टिकत. डॉक्टर म्हणाले होते, आंबताना निम्मं पचन भांड्यातच उरकतं. तीही बंद झाली तर म्हातारा वसंत बघायचा नाही.

गल्लीत आता सगळ्यांकडे पाकिटंच. जुनं विरजण उरलं होतं ते भिंतीपलीकडे, युनश्यावहिनीकडे, आणि तिच्याशी मी दोन वर्षं बोलत नव्हते. तिने माझ्याकडून मुठीएवढा गोळा नेला होता आणि परत केला अंड्याएवढा. "कोंबडीने घातला का हा?" असं मी गल्लीला ऐकू जाईल इतक्या जोरात विचारलं होतं. माझी जीभ पहिल्यापासूनच अशी.

शेवटी वाडगा घेऊन गेले. चूक कशी झाली ते सांगितलं, त्या वेळी वाईट बोलले तेही सांगितलं. ती आत गेली आणि वाडगा काठोकाठ भरून आणला.

"तुझंच आहे, रुईलान. मी नुसतं जगवलं," ती म्हणाली. "त्या थंडीत ते फुगलंच नव्हतं गं. चिमूटभर ठेवून बाकी सगळं तुला दिलं, आणि लाजेने बोलले नाही."

मला तोंड वर करवेना. दुप्पट परत करते म्हटलं.

"नको. माझ्याकडचं उरलेलं डुकरं खातात. मला तुझ्यासारखी धिरडी येत नाहीत."

सकाळी सासऱ्यांनी एक धिरडं खाल्लं आणि अर्धं आणखी मागितलं. ते त्यांच्या पोटात राहिलं. मग मी ताटाएवढं एक घातलं आणि भिंतीवरून पलीकडे धरलं.

वहिनीने ते दोन्ही हातांनी घेतलं, उलटसुलट करून पाहिलं.

"हे कुठल्या कोंबडीने घातलं?" तिने गल्लीला ऐकू जाईल इतक्या जोरात विचारलं.