तीन जग आणि वर अर्धा

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा जग आहे. माझ्या पोटात बरोबर दोन लिटर पाणी मावतं. पत्रा कापून, ठोकून, घासूनपुसून मला घडवलं, आणि दुकानाच्या फळीवरून मी थेट एका शिंप्याच्या घरी आलो. गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, मागे स्वयंपाकघर, आणि मधल्या खिडकीत मी.

मास्तर कामाला बसले की तहानभूक विसरत. सकाळी भरलेला मी संध्याकाळी तसाच भरलेला. व्हायचं तेच झालं. त्यांना मुतखडा झाला. डॉक्टर म्हणाले, "दिवसभरात अडीच-तीन लिटर पाणी प्या, पण थोडं थोडं. सोमवारी पुन्हा सोनोग्राफी करू."

मास्तरांना ऑपरेशनची धास्ती. त्यात मेहुण्याने भर घातली, "भावोजी, पाण्याने कधी कुणाचं वाईट झालंय का? सोमवारच्या आत खडा वाहून गेला पाहिजे!"

रविवारी सकाळी मास्तर पेल्यामागून पेले रिचवत सुटले. अकराच्या आत मी तीनदा रिकामा झालो. त्यांची पत्नी, म्हणजे काकू, मला कौतुकाने पुन्हा पुन्हा भरत होत्या.

मग मास्तरांचं डोकं ठणकू लागलं. उलटी झाली. "ऊन बाधलं असेल," म्हणत काकूंनी आणखी पाजलं. मी चौथ्यांदा अर्धा झालो. मास्तर यंत्रावर बसले आणि सदऱ्याची बाही गळ्याला जोडू लागले.

"अहो, हे काय करताय?"

"बस आली का?" मास्तरांनी विचारलं.

काकूंनी शेजाऱ्यांना हाक मारली. रिक्षात बसताना, वाटेत लागेल म्हणून, त्यांनी मलाही भरून घेतलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सकाळपासून पाणी किती प्यायले?"

"तीन जग आणि वर अर्धा."

"केवढा जग?"

काकूंनी मला पुढे केलं. तेवढ्यात मास्तरांना झटका आला, हातपाय ताठ झाले. काकू घाईने मला त्यांच्या तोंडाशी नेऊ लागल्या.

"एक थेंबही नको!" बाई ओरडल्या.

रक्तातलं मीठ भलतंच कमी झालं होतं. शिरेतून खारट औषध सुरू केल्यावर बाई म्हणाल्या, "मूत्रपिंडं तासाला लिटरभराहून फारसं पाणी बाहेर टाकू शकत नाहीत. उरलेलं रक्तात साचतं, मेंदूला सूज येते. वरून ऊन लागल्यासारखंच दिसतं."

"म्हणजे मीच..."

"तुम्ही मायेने पाजलंत. आणि वेळेवर आणलंतही."

चौथ्या दिवशी मास्तर शुद्धीत, हसत घरी आले. खडा होता तिथेच होता. पुढे बेताने पाणी पिता पिता तीन आठवड्यांनी तो निमूट पडून गेला.

मला मात्र काकूंनी माळ्यावर टाकलं. वर्षभर धूळ खाल्ली. अखेर मास्तरांनीच मला खाली काढलं. "त्याचा काय दोष? प्यायलो मी," ते म्हणाले. काकूंनी मला दोनदा घासलं आणि पुन्हा खिडकीत ठेवलं.

मित्रांनो, तहान लागली की पाणी जरूर प्या, ती भागली की थांबा. पैजेने पिऊ नका. भरमसाट पाणी पिऊन कुणी बरळू लागलं, तर आणखी पाजू नका, दवाखान्यात न्या. मला तोंड आहे, पण ते ओतण्यापुरतं. 'तहान लागली आहे का?' हे तुम्हालाच विचारावं लागेल.