आपल्या रेल्वेची वाघीण

मी एक जुनी वाघीण आहे. घाबरू नका मित्रांनो, मालगाडीच्या डब्याला वाघीणच म्हणतात. त्यातून मी वीतभराहूनही कमी लांबीची, शाळेच्या कपाटातली. गुरगुरणं मला जमत नाही, ऐट मात्र पुरेपूर आहे. ती का आहे, ते ऐका.

माझा जन्म मिरजेचा, १९७४ सालचा. धोंडिराम सुतार रेल्वेच्या यार्डात वाघिणींच्या फळ्या दुरुस्त करत. त्यांनी मला सागाच्या एका तुकड्यातून घडवलं. माप साधं होतं. खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे माझं एक सूत, आणि सुतारांचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. माझी चाकं पितळी सळईच्या चकत्यांची आहेत, आस सायकलच्या तारांचे. दोन्ही टोकांचे हूक मात्र सतारमेकरांकडून मागून आणलेल्या तारेचे. म्हणून चालताना माझ्या अंगातून बारीक सूर निघतो. बाकीचे त्याला कुरकुर म्हणतात, त्याला माझा इलाज नाही.

माझा खरा दागिना म्हणजे पाठीवरची निळी पेटी. अडीच इंच लांब, इंचभर रुंद, इंचभर उंच. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, त्यावर खोबणी पाडून केलेली. अशा मोठ्या पेट्यांना कंटेनर म्हणतात. त्या बोटीवरून रेल्वेवर आणि रेल्वेवरून ट्रकवर जशाच्या तशा उचलून ठेवतात, आतल्या मालाला हातही लावत नाहीत. कवठे महांकाळच्या शाळेतल्या लीलाबाई कांबळे यांनी वर्तमानपत्रात अशा पेटीचं चित्र पाहिलं आणि धोंडिरामांना चिठ्ठी पाठवली, "शाळेच्या प्रदर्शनासाठी आपल्या रेल्वेची एक वाघीण करून द्या. वर उचलता येणारी पेटी हवी. माप फुटाला एक सूत."

बाईंना ही वाघीण कशाला हवी होती? मुलांसाठी तर होतीच, पण त्याहून जास्त आपल्या वडिलांसाठी. सिद्धू कांबळे, म्हणजे बाईंचे आबा, तीस वर्षं मिरज स्टेशनात हमाल होते. मिरजेला मोठी गाडी थांबते आणि कवठ्याकडे येणारी बारकी गाडी वेगळ्याच अरुंद रुळांवरून निघते. मोठीचा माल बारकीत जायचा तो हमालांच्या पाठीवरून. दुष्काळात तर धान्याच्या गोणी दिवसभर वाहिल्या. आकड्याने गोणी फाटायच्या, धान्य सांडायचं, आणि आबांची पाठ वाकत वाकत एक दिवस सरळ व्हायचीच राहिली.

पण पेटीची गोष्ट निघाली तेव्हा आबा भडकले होते. "पेटी आली की हमालानं काय करायचं? माजी लेक शाळा शिकली ती आमच्या पोटावर पाय द्यायला व्हय?" त्यानंतर बापलेकीत पंधरा दिवस धड बोलणं नव्हतं. बाईंनी एकच मागितलं होतं. प्रदर्शनाला या, एकदा डोळ्यांनी बघा, मग काय ते बोला. आबा हो म्हणाले होते, पण एकदाच.

प्रदर्शनाच्या सकाळी धोंडिराम मला धडप्यात गुंडाळून बारक्या गाडीने कवठ्याला घेऊन आले. शाळेच्या लांब टेबलावर बाईंनी तारांचे रूळ ठोकले होते आणि त्यावर स्वतः केलेली एक बसकी, रिकामी वाघीण उभी होती. धोंडिरामांनी मोठ्या तोऱ्यात मला रुळांवर ठेवलं. मित्रांनो, काय सांगू, माझी चाकं रुळांच्या दोन्ही बाजूंना खाली टेबलावर टेकली. घोड्यावर बसावं तशी मी त्या रुळांवर बसले.

"आवं बाई, ही तर बारकी लाइन," धोंडिराम म्हणाले.

"मग? आपली रेल्वे म्हणजे हीच की."

"आपली रेल्वे म्हंजे मोठी लाइन. तीन वर्सं झाली मिरजंला येऊन. म्या साडेपाच सूत रुंदीनं चाकं बसवली."

"माझे रूळ अडीच सुताचे आहेत," बाई म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या.

चूक कोणाची म्हणायची? मिरजेत आपली रेल्वे म्हणजे मोठी, कवठ्यात आपली रेल्वे म्हणजे बारकी. दोघांनीही 'आपली' हा शब्द मनापासून वापरला होता. कुठली ते विचारायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण आपल्या गोष्टीबद्दल कोण विचारतं?

तेवढ्यात आबा दारात आले. माझा चेहरा असता तर लाजेने लाल झाला असता. बाई उठून म्हणाल्या, "आबा, ऱ्हाऊ द्या. फसलं सगळं. वाघीण रुळावं बसत न्हाई."

आबा टेबलाजवळ आले. पाठ इतकी वाकलेली, की त्यांचे डोळे थेट माझ्या उंचीला आले. त्यांनी मला पाहिलं, अडीच सुताचे रूळ पाहिले आणि ते चक्क हसले.

"फसलंय कुटं? मिरजंत हेच तर हाय. मोठी गाडी हितं थांबती, बारकी तितनं सुटती. मदी आमी." मग धोंडिरामांकडे वळून म्हणाले, "गड्या, हिला चालवून बगायला रूळ केलं असशील की."

होते. फळीवर ठोकलेले हातभर रूळ पिशवीतच होते. आबांनी ती फळी बारक्या रुळांना खेटून लावली आणि मला तिच्यावर उभं केलं. मग दोन बोटांनी माझी पेटी उचलून पलीकडच्या बसक्या वाघिणीवर ठेवली. पेटी डुलली आणि कलंडली.

"रिकामी हाय म्हणून डुलतीया. भर की," आबा लेकीला म्हणाले.

लीलाबाईंनी पेटीत शाळूचे दाणे भरले, दार लाखेने बंद केलं आणि पेटी माझ्यावर ठेवली. मुलं टेबलाभोवती गोळा झाली. आबांनी मला ढकलत फळीच्या टोकाला आणलं, पुन्हा दोन बोटं पुढे केली आणि पेटी अलगद पलीकडे नेली. या वेळी ती डुलली नाही. बारकी वाघीण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली, बाईंनी लाख फोडली. एक दाणा सांडला नव्हता.

आबा आपल्या दोन बोटांकडे बघत राहिले. तीस वर्षं पाठीने केलेलं काम आज त्या दोन बोटांनी केलं होतं.

"आबा," बाई हळूच म्हणाल्या, "हमालांचं काय हुईल, ते मला बी ठावं न्हाई. मला निस्ती तुमची पाठ दिसत हुती."

आबा म्हणाले, "हात ऱ्हायलं तर दुसरं काम हुडकतील गं. पाठ गेल्यावर काय हुडकायचं?" आणि पंधरा दिवसांनी त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

पुढे मी सांगलीच्या प्रदर्शनालाही जाऊन आले. लोकांनी कौतुक केलं, मी ते अगदी हक्काने घेतलं. मग कपाट, धूळ, आसांवर गंज. पेटी मात्र माझ्याजवळ नाही. ती आबांनी मागून घेतली आणि तिच्यात तंबाखू ठेवायला लागले. माझा दागिना आणि त्यात तंबाखू. आधी मला फार वाईट वाटलं.

आता वाटत नाही. मित्रांनो, कधी कपाट उघडलंत तर मला फडक्याने पुसा, आसांना थेंबभर तेल द्या. कुणी कशाला 'आपलं' म्हणालं, तर त्याचं माप आधी विचारून घ्या. आणि माझी पाठ रिकामी दिसली म्हणून हळहळू नका. वाघिणीची पाठ रिकामी असते, तेव्हा माल पोचलेला असतो.