स्वयंपाकघरातला जहाजी मोजा

मी एक हातमोजा आहे, शेगडीजवळच्या खिळ्याला टांगलेला. आज बोलतोय तो भीतीपोटी. मला सगळं नीट कळतं असं नाही. चुकत असेन तर बरंच होईल.

मी अ‍ॅस्बेस्टॉसच्या धाग्याचा. आगीला भीक घालत नाही, म्हणून युद्धनौकेच्या बॉयलरखोलीत माझी मोठी पत होती. तिथल्या वाफेच्या नळ्यांवरही माझ्याच भाऊबंदांचं वेष्टन असे. तोफा उडाल्या की ते हादरायचं आणि पांढरी भुकटी खलाशांच्या चहात पडायची. "घ्या, साखर फुकट!" म्हणत ते चहा पिऊन टाकायचे.

माझा मालक बॉयलरवर होता. नोकरी संपल्यावर मला घरी घेऊन आला.

"लोक बाहेरून सोनं आणतात," बायको म्हणाली, "आमचे हे मोजा आणतात. तोही एकच!"

"हात भाजणार नाही तुझा," तो म्हणाला.

खरंच भाजला नाही. किती वर्षं तिनं माझ्या भरवशावर उकळती पातेली उतरवली! आता मी अंगठ्याशी फाटलोय. जरा हललो की बारीक तंतू सुटतात. ते दिसत नाहीत, त्यांना वासही नाही; श्वासाबरोबर थेट छातीत जातात.

हल्ली मालकाला दोन पायऱ्या चढलं तरी धाप लागते. आज मुलगी त्याला डॉक्टरकडून घेऊन आली.

"आई, बाबांच्या फुप्फुसाचं आवरण जाड झालंय. जहाजावरच्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीनं, म्हणाले. इतक्या वर्षांनी! तिथली काही वस्तू घरात आहे का, विचारत होते."

"बिल्ले आहेत की माझे," म्हातारा धापा टाकत हसला. "ते काय खोकतात?"

माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. मी जहाजाचा कुठे उरलोय? मी तर 'आईचा मोजा'.

"अगंबाई, किती धूळ बसलीय याच्यावर!" म्हणत आजीनं आत्ताच मला खिळ्यावरून काढलं.

"आजी, मी झटकते!" नात धावत आली. तिचा इवलासा हात माझ्यात शिरलाय.

तुमच्या घरातलं कुणी अशा जुन्या जहाजावर असेल, तर कृपा करून घर एकदा नीट पाहा. माझ्यासारखं काही सापडलं तर झटकू नका, हात लावू नका, मुलांना दूर न्या आणि अ‍ॅस्बेस्टॉस हटवणाऱ्या जाणकारांना बोलवा.

इथे खिडकी उघडलीय. पोरीनं हात उंच केलाय. आणि मला ओरडता येत नाही.